त्या दिवसाची संध्याकाळ

शहापूर, १७ ऑगस्ट २०२३

स्वाती,

जय भीम. तू वाचताना मनात नमस्कार म्हणजो, आपलं लहानपणापासून तसंच ठरलं आहे.

पाकिटावरचं अक्षर पाहून तुले वाटलं असन, आली तृप्ती नाक घासत. तसं काही नाही. माहा राग ठणठणीत आहे, त्याले काही झालं नाही. फोन केला असता तर तू उचलला नसता, अन् उचलला असता तर मी दोन मिनटात ओरडली असती. व्हॉट्सअपवर माहं बोट आधी दाबते अन् डोकं मागून चालत येते, ते जून महिन्यात साऱ्या दुनियेनं पाहिलं. म्हणून कागद घेतला. कागदावर खोडता तरी येते.

तू 'दुय्यम' ग्रुप सोडून गेली त्याले दोन महिने होऊन राहिले. एवढी वर्षं आपण दोघींनी तो चालवला. तू तिकडं पुण्यात दिवसभर लोकांच्या मनातलं ऐकून थकलेली, मी इकडं नववीच्या पोट्ट्यांले नागरिकशास्त्र शिकवून घसा बसलेली, तरी संध्याकाळी ग्रुपवर आलो का दोघींले ताकद येत होती. अन् गेली कशी, तर एक करडी ओळ, 'स्वाती लेफ्ट'. भाड्याचं घर सोडतानाही माणूस घरमालकिणीले सांगून जाते वं.

तू गेल्यापासून ग्रुपवर काय चाललं आहे, सांगू? शांती. मी काही लिहिलं का खाली अंगठेच अंगठे. 'वा मॅडम.' 'अगदी मनातलं बोललात मॅडम.' परवा मी मुद्दाम उलटं लिहिलं. लिहिलं का भीती दाखवून मतं मिळतात हे सारं झूट आहे, माणूस फक्त पोट पाहून मत देते. आता हे माहं मत आहे का? तुले तर माहीत आहे, मी याच्या उलट किती भांडली आहे. वाटलं कोणीतरी म्हणन, मॅडम, मागच्या वर्षी तुम्ही काय म्हणत होत्या? कोणी नाही! एकानं तर हात जोडलेलं चित्र टाकलं.

तू असती तर लिहिलं असतं, 'तृप्ती, थांब. आधी तुझं म्हणणं मी सांगते.' अन् चार ओळीत माहं म्हणणं माह्यापेक्षा चांगलं मांडलं असतं. मी खाली मान्य म्हणून 'डफ' लिहिलं असतं, अन् मग तू पाचव्या ओळीत माहा पाय ओढला असता. मले ते पाय ओढणं पाहिजे आहे. राग रागाच्या जागी आहेच माहा, पण मले ते पाहिजे आहे.

उत्तर देवाव वाटलं तर दे. माय बरी आहे, कानानं जास्तच कमी ऐकते.

तृप्ती


शहापूर, १ सप्टेंबर

स्वाती,

काल मायसाठी लुगडं घ्याले तुमसरले गेली होती. तुमचंच दुकान, दुसरीकडं जाणं मले जमत नाही. नीलेशनं चहा मागवला अन् सहज बोलला, "ताई राखीले आली होती ना, आज सकाळीच गेली. तुमची भेट झालीच असन." मी म्हटलं, "हो, झाली ना!" असं तोंडावर खोटं बोलली तुह्या भावासमोर. मग गठ्ठ्यातलं पहिलं लुगडं उचललं, किनार कोणती तेही पाहिलं नाही, अन् बाहेर पडली. घरी येऊन पाहिलं तर हिरवं निघालं. मायले हिरवं बिलकुल आवडत नाही, तिनं मले दोन शिव्या दिल्या.

नागपूरच्या विमानतळावर जायले तू गाडी केली होती म्हणे. म्हणजे भंडाऱ्यावरून, शहापूरवरून गेली. हायवेवरून माही शाळा दिसते, तुलेही माहीत आहे. तू गेली तवा मी बहुतेक प्रार्थनेच्या रांगेत उभी होती. गाडीची काच वर होती का खाली, एवढं तरी सांग.

मले वाटते तू चूक कोणाची याचाच विचार करून राहिली असशीन. कर. पण मग नेम कोणी मोडला, याचाही कर.

आपल्या बापांनी काय शिकवलं होतं आपल्याले? आंबागडच्या मंडईत, त्या दिवाळीनंतरच्या जत्रेत, खडी गंमतच्या गाण्याचा दुय्यम लागत होता, दोन पार्ट्या समोरासमोर. एकीकडं माहा बाप भैय्यालाल, दिवसा दुसऱ्याच्या बांधीत धान कापणारा अन् विहारात गाणी म्हणणारा. दुसरीकडं तुहे बाबा घनश्यामकाका, तुमसरचे कोष्टी, लुगड्यांचे व्यापारी. नशीब मोठं का मेहनत, राजा मोठा का रयत, सकाळ होईस्तोर सवाल अन् जवाब. अन् त्या दोघांचा आपसात एक नेम होता, बाकी कोणत्याच पार्टीत नव्हता. समोरच्यानं सवाल टाकला, का आधी त्याचं कडवं त्याच्याच चालीत म्हणून दाखवाचं. ते बरोबर असलं तर समोरचा डफावर एक थाप मारणार. थाप पडल्याबिगर जवाब सुरू करायचा नाही. एका मंडईत काकानं बाबाले परत परत म्हणायले लावलं, "नाही भैय्या, माहा राजा एवढा बेवकूफ नव्हता, त्याची अक्कलही सांग." लोकं हसून हसून बेजार झाले होते.

आपण दोघी खाली पोत्यावर बसून सारं पाठ करत होतो. पोट्टींले वर कोण चढू देते? बाईचं सोंगही गड्यानंच घ्यायचं. तूच म्हटलं होतं, "मोठ्या झालो का आपला दुय्यम लावू." मग बी.ए.ले दोघींनी मानसशास्त्र घेतलं, हातात फोन आले, अन् आपण खरंच लावला. नेम तोच ठेवला, थापेच्या जागी 'डफ' लिहायचं.

अन् जूनमध्ये तू काय केलं? विषय होता, राजकारणात राग पाहिजे का नको. तुहं म्हणणं, राग सोडल्याबिगर माणूस बरा होत नाही, अन् बऱ्या न झालेल्या माणसाचं राजकारणही बरं नसते. मी म्हटलं, राग सोडला असता तर आम्ही अजून वेशीबाहेर असतो. अन् दाखला दिला, आपल्या दोघींच्या डोळ्यादेखतचा. जिल्हा फुटला त्या वर्षीचा. दहावी पास होऊन कॉलेजात नाव टाकायले गेलो तर तुहं लगेच झालं, अन् मले तो बाबू रोज उद्या ये म्हणे. शेवटी म्हणे, "जिल्हा फुटला आहे, तुमचे कागद गोंदियाले गेले असतील." तुमसरचे कागद गोंदियाले कायले जातीन? दुसऱ्या दिवशी बाबा सायकलवर डफ बांधून आला अन् कॉलेजच्या अंगणात उभा राहून त्या बाबूवरच गाणं रचून म्हणायले लागला. पोट्टे जमले, मास्तर खिडकीत आले, प्राचार्य बाहेर आला. दुपारपर्यंत माहं नाव लागलं. हे मी लिहिलं, खाली पन्नासेक माणसं 'जय भीम' म्हणाली, अन् माही छाती भरून आली होती.

अन् त्याच्याखाली तुही एक ओळ. 'तृप्ती, त्या दिवसाची संध्याकाळही सांग.'

माहं कडवं न म्हणता! ना आगा ना पिछा. एवढ्या वर्षांत पहिल्यांदा. तुले काही वाटलं नाही का वं, लिहिताना?

तृप्ती


शहापूर, १५ सप्टेंबर

स्वाती,

आज तान्हा पोळा. शाळेत लेकरांनी लाकडी बैल आणले, एकाच्या बैलाले चाक नव्हतं तर त्यानं तो काखेत धरून मिरवला. तुले आवडला असता तो पोट्टा. पण मी तुले हे सांगायले लिहून राहिली नाही. एक गोष्ट झाली आहे, ती तुह्याशिवाय कोणाले सांगू समजत नाही.

ग्रुपवर एक रिटायर साहेब आले आहेत भंडाऱ्याचे. चार दिवसाआधी त्यांनी कुठूनतरी तुह्या जुन्या पोस्टा उकरल्या अन् लिहिलं, 'दुकानाच्या गादीवर वाढलेल्या बाईंना रागाची किंमत काय कळणार. एसीत बसून आम्हाला शांत व्हा म्हणतात.' पटापट अंगठे पडले. मले नाकाले मिरची झोंबल्यासारखं झालं. मी लिहिणार होती, तोंड सांभाळा. मग ते वाक्य परत वाचलं. ते माहं होतं वं. थोडं घासूनपुसून, पण माहंच. जूनमध्ये तुह्या त्या ओळीच्या खाली मीच लिहिलं होतं, का गादीवर बसून रागाची किंमत समजत नाही. अन् ते वाचून तू गेली.

मी साहेबांले नेम दाखवला. म्हटलं, या ग्रुपवर विरोध करायचा असन तर आधी त्या काय म्हणत होत्या ते त्यांच्या बाजूनं मांडा, त्यांनी मान्य केलं पाहिजे असं. साहेब चिडले. म्हणाले, 'त्या इथं नाहीतच, मान्य कोण करणार? आणि एवढंच असेल तर तुम्हीच मांडा मॅडम, तुमची तर मैत्रीण.'

मी मांडायले बसली. तुले खोटं वाटन, पण एक दिवस पुरा गेला. लिहाव, पुसाव. 'स्वातीचं म्हणणं असं, की राग आरोग्याले वाईट.' छे, हे तर कॅलेंडरच्या मागं छापतात तसं झालं. 'स्वातीचं म्हणणं असं, की माफ कराव.' तू हे कधी म्हटलंच नाही. आपण बारक्यापणापासून भांडून राहिलो अन् मले तुहं कडवं येत नाही! म्हणजे येते. पण ते जिथून सुरू होते तिथं त्या दिवसाची संध्याकाळ आहे, अन् ती मले लिहायची नाही.

शेवटी साहेबांले काहीच उत्तर दिलं नाही. ग्रुप दोन दिवस उघडला नाही.

माय रोज इचारते, "स्वाती काहून नाही आली वं या पावसाळ्यात?" मी म्हणते, तिले काम आहे. ती म्हणते, "काम तं मले बी होतं जल्मभर, मी का कोणाकडं गेली नाही?" आज तुह्या आवडीचं म्हणून तिनं पातोडीची भाजी केली, अन् मग दोघीच खात बसलो.

तृप्ती


शहापूर, २६ ऑक्टोबर

स्वाती,

परवा धम्मचक्र प्रवर्तन दिन होता. माय पांढरं लुगडं नेसून विहारात आली, माहा हात धरून. घरी आल्यावर अंगणात खाटेवर बसली अन् चपला काढता काढता म्हणाली, "आता सांग. तुमचं दोघीचं कायवरून बिनसलं?"

मी टाळलं. ती म्हणे, "मले कमी ऐकू येते, कमी दिसत नाही."

मग सांगावं लागलं. अन् मायले सांगायचं म्हणजे ओरडून सांगायचं. कल्पना कर, जी गोष्ट मी चोवीस वर्षं गिळून बसली, ती मी अंगणात उभी राहून गळा काढून सांगून राहिली, अन् शेजारची निर्मलाबाई कुंपणापाशी तुरीच्या शेंगा तोडायचं सोंग करून उभी. तुरीले अजून शेंगाच नाही धरल्या.

"स्वातीनं फोनवर लिहिलं," मी ओरडली, "का त्या दिवसाची संध्याकाळ सांग!"

"कोणत्या दिवसाची?"

"माह्या ॲडमिशनच्या! बाबानं डफ वाजवला त्या!"

माय म्हणाली, "मंग? सांगतली का तू?"

"नाही."

"काहून?"

"तुही इज्जत जाईन म्हणून!"

"माही?" माय म्हणाली. "ताट का मी फेकलं होतं?"

निर्मलाबाईनं शेंगा तोडणं सोडून दिलं. मी खाली बसली अन् म्हटलं, माय, झाकली मूठ सव्वा लाखाची असते. तर तिनं तिची मूठ माह्या तोंडासमोर धरली. "मूठ कोणाची? माही ना? मंग झाकाव का उघडाव, मले इचाराव." अन् मग जे बोलली ते तुह्या कानावर घालतेच. "तुमी दोघी शिकल्या-सवरल्या, माह्या ताटावरून भांडून राहिल्या. एक म्हणे त्याचा राग चांगला, एक म्हणे त्याचा राग वाईट. एकीनं तरी इचारलं का, धुरपता, तुही बाजू कोणती?"

खरं आहे, स्वाती. तूही नाही इचारलं. तुही यातून सुटका नाही.

मी इचारलं, मग तुही बाजू कोणती? माय म्हणाली, "तुह्या बापाचा राग खरा होता. त्या बाबूवर नसता केला तं आज तू माह्यासंगं बांधीत कमरेइतकी वाकली असती. पण त्या घरात राग करायचा हक एकट्यालेच होता. मले काय राग येत नव्हता का? मले बी आला. पण मी तो कोठं नेऊ? थोडा माह्याही वाट्याले द्यायचा होता." मग म्हणाली, "एक डाव मात्र मी केला."

काय केलं म्हणशीन? त्याच वर्षीची मंडई आठव. बाबाचा डफ ऐनवेळी हरवला होता, सारं घर पालथं घातलं होतं, बाबा पिसाळल्यासारखा फिरत होता, आठवते? तो मायनं लपवला होता! धानाच्या ढोलीत, धानाच्या खाली पार बुडाशी. "आता वाजव म्हटलं मनात," असं म्हणून माय एवढी हसली का तिले ठसका लागला. मी पाठ चोळत होती अन् ती हसतच होती. मायले एवढं हसताना मी कधी पाहिलं नाही.

अन् मग घनश्यामकाकानं स्वतःचा डफ बाबाच्या हातात दिला, हे तर आपण दोघींनी पाहिलं. "घे भैय्या, तू मुका राहिला तर मी भांडू कोणाशी?" काकानं ती मंडई नुसत्या टाळावर काढली. बाबाचा डफ पुढच्या उन्हाळ्यात ढोली रिकामी झाली तवा निघाला, चामडं उंदरानं खाल्लेलं. काका म्हणाले, माहा ठेव, माह्यापाशी दुसरा आहे. म्हणजे एवढी वर्षं आमच्या खुंटीवर आहे तो डफ तुह्या बाबाचा आहे. अन् तो तिथं माह्या मायच्या रागानं आला आहे. मले हे आता कळलं.

जाताना निर्मलाबाई म्हणाली, "आमच्या घरी तं परात फेके." अन् गेली.

तृप्ती


शहापूर, ८ नोव्हेंबर

स्वाती,

शाळेले उद्यापासून सुट्ट्या. धान कापणी चालू आहे, रस्त्यानं कापून पसरलेल्या धानाच्या कडपाच कडपा दिसतात. मायले इचारून लिहून राहिली. ती म्हणाली, "लिह, पण नीट लिह, अर्धंमुर्धं नको." ग्रुपवर टाकलं नाही, साहेब वाट पाहतीन तर पाहोत. ज्याचं गाणं त्याले आधी.

तुहं कडवं म्हणते. तुह्याच चालीत, म्हणजे तुह्या त्या पुणेरी मराठीत. हसू नको.

'तृप्ती, राग वाईट असतो असं मी कधीच म्हटलं नाही. मी त्या दिवशी कॉलेजच्या अंगणात होते. भैय्यालालकाकांनी डफावर पहिली थाप मारली तेव्हा माझ्या अंगावर काटा आला होता. तो राग न्यायाचा होता आणि तो नसता तर तू माझ्या बाकावर बसली नसतीस. पण त्या दिवशी तुमच्याबरोबर मी आंबागडलाही आले होते. संध्याकाळी धुरपताकाकूंनी झिंग्याचं कालवण केलं. सगळे खुशीत होते. वाढता वाढता काकू सहज म्हणाल्या, त्या प्राचार्याला आधीच हात जोडले असते तर एवढं करावंच लागलं नसतं. काकांनी भरलं ताट उचलून फेकलं. कालवण काकूंच्या लुगड्यावर सांडलं, भात भिंतीला चिकटला. कोणी काही बोललं नाही. काकू आणि मी शेणानं सारवलेल्या जमिनीवरून भात वेचला. तू खाली मान घालून जेवत राहिलीस. मला तेव्हा तुझा राग आला नाही. मला एवढंच कळलं, की जो माणूस दिवसभर आपल्यासाठी लढून आला त्याला संध्याकाळी काही बोलायचं नसतं, असं या घरात ठरलेलं आहे.

'आता माझ्याकडे बायका येतात. त्यांचे नवरे सगळ्या पक्षांचे आहेत, सगळ्या जातींचे आहेत. दिवसभर भाषणं ऐकून, मोबाइलवर भांडून, पेटून घरी येतात. राजकारणातला राग संध्याकाळी चपला काढून घरातच येतो, आणि तिथे त्याच्यासमोर कोण असतं हे कोणी विचारत नाही. रागाची गोष्ट सांगायची तर पूर्ण दिवसाची सांगा, एवढंच माझं म्हणणं होतं. आणि नियम मी मोडला, कारण तुझं कडवं म्हणायला बसले तर मला ते दुपारपर्यंतच म्हणता येत होतं. त्याच्या पुढचं तू मला कधी दिलंच नाहीस. ते मी पाहिलं होतं, तरी ते माझं नव्हतं. म्हणून तुझ्याकडे मागितलं. सगळ्यांसमोर मागायला नको होतं.'

हे तुहं झालं. शेवटचं वाक्य माह्या पदरचं असन तर काढून टाक.

हे लिहिता लिहिता दोन डाव उठली. 'तू जेवत राहिलीस' हे लिहिलं अन् अंगणात जाऊन उगाच झाडलं. मी काहून जेवत राहिली, सांगू? मले वाटत होतं, आजच्या दिवस बाबाले कोणी काही म्हणू नये. अन् आजच्या दिवस, आजच्या दिवस म्हणता म्हणता तो मरेस्तोर कोणी काही म्हटलं नाही. तू भात वेचून राहिली होती अन् तुह्या हाताले कालवण लागलं होतं, ते मी पाहिलं होतं वं. मी तुह्याकडं पाहत नव्हती असं तुले वाटलं असन. मी दुसरं काही पाहतच नव्हती.

पण ऐक. मी हरली असं समजू नको. माह्यापाशी जवाब आहे, चांगला दमदार आहे. राग घरी येते म्हणून तो रस्त्यावरही करू नये, हे मी मरेपर्यंत मानणार नाही. अन् मायपाशी तिसराच जवाब आहे. ती म्हणते का तुमी दोघी गाऊन घ्या, मी शेवटी उठन अन् दोघींले पाडन. हिरवं लुगडं आता आवडते म्हणते, मंडईले तेच नेसणार आहे.

भाऊबीजेनंतरच्या रविवारी आंबागडची मंडई आहे. आता खडी गंमत कोणी लावत नाही, बाहेरून नाटक आणतात, मोठे मोठे स्पीकर लावतात. आपल्याले स्टेज नको. तिथं आमच्या जुन्या घराची ओसरी आहे, पोतं आहे. नीलेशकडं भाऊबीजेले येशीनच. तुमसरवरून आंबागड किती दूर आहे, तुले कोणी सांगायले नको. शहापूरवरून तर तू काच वर करून जाऊ शकते, पण आंबागड रस्त्यात पडत नाही. तिथं यायचं तर यावंच लागते.

मले तुही आठवण येते, स्वाती. 'वा मॅडम' ऐकून माहे कान किटले. पुऱ्या ग्रुपवर मले चूक म्हणणारं कोणी नाही, अन् मी तर रोज काही ना काही चुकून राहिली आहे.

तुह्या बाबाचा डफ काढून पुसून ठेवला आहे. चामडं ढिलं पडलं होतं, काल कापसाच्या पऱ्हाट्यांवर शेकलं तर चांगला बोलू लागला. पण मी थाप मारली नाही, बोटानं नुसतं टिचकून पाहिलं. माहा जवाब तयार आहे, पण नेम नेम आहे. कडवं बरोबर असन तर एक थाप मार. चुकलं असन तर मारू नको, परत म्हणायले लाव, काकानं बाबाले लावलं तसं. म्हणीन मी, किती डाव म्हणशीन तितके डाव. पण ओसरीवर, माह्यासमोर बसून म्हण, का तृप्ती, चुकली तू.

तुही,
तृप्ती